विभक्तीसर

गुरुवारी अक्कलकोटच्या एसटी स्टँडवर पाय ठेवायला जागा नसते. वटवृक्ष मंदिरातून दर्शन घेऊन आलेली मंडळी, त्यांच्या पिशव्या, प्रसादाचे पुडे. या गर्दीत विभक्तीसर बाकाचा कोपरा धरून असतात. असा एक सर प्रत्येक तालुक्याच्या गावी सापडतो: संस्कृत शिकवून निवृत्त, विद्यार्थी पांगलेले, घरातल्यांनी ऐकणं सोडलेलं. उरतो प्रवासी. गाडी लागेपर्यंत तो पळू शकत नाही, हे सरांनी हेरलेलं असतं.

"कुठली बस?" सुरुवात साळसूद.

"गाणगापूर."

"ते गाव झालं. 'बस' कुठली?" उत्तरही त्यांचंच. "लॅटिन!"

ओम्निस म्हणजे सर्व. त्याचं चतुर्थीचं अनेकवचन ओम्निबुस, सर्वांसाठी. १८२८ साली पॅरिसात या नावाच्या घोडागाड्या धावल्या, १८२९ मध्ये शिलिबियर नावाच्या गृहस्थाने त्या लंडनात आणल्या. पुढे इंग्रजांनी धड फेकलं आणि शेपूट ठेवलं. "म्हणजे आपण प्रत्ययात बसून सोलापूरला जातो! आणि हा 'बुस' कोण? 'रामेभ्यः'मधल्या 'भ्यः'चा चुलतभाऊ!" इथे सरांचा कंठ दाटतो. (अक्कलकोटात बहुतेक लोक 'एसटी' किंवा 'गाडी'च म्हणतात, हे त्यांना सांगण्यात अर्थ नसतो.)

शेजारची आजी कन्नडमध्ये लेकीला विचारते, हे काय सांगतायत. सर खुलतात. "कन्नडात सर्वांना म्हणजे 'एल्लरिगू'. आता याचंही नुसतं शेपूट ठेवलं तर..." आणि आजूबाजूला बायकामाणसं आहेत हे लक्षात येऊन ते घाईने चष्मा पुसू लागतात.

कुणी 'जादा बसेस' म्हणालं की मात्र त्यांच्या जिवाचं पाणी होतं. मुळातच अनेकवचनी प्रत्यय, त्याला आणखी अनेकवचन! मग रागाच्या भरात पुढचा धडा: लॅटिन काय, संस्कृत काय, अनेकवचनात चतुर्थी-पंचमीचं रूप एकच. "म्हणून ओम्निबुस म्हणजे सर्वांसाठी, आणि सर्वांपासूनसुद्धा!"

तेवढ्यात सोलापूरची गाडी आत शिरते. खच्चून भरलेली. वाहक दार किलकिलं करतो, दोघांना उतरवतो, घंटी देतो. पिशव्या घेऊन धावलेली माणसं धुरळ्यात उभी राहतात. मघापासून मुकाट ऐकणारा कॉलेजचा पोरगा तेवढा जागचा हललेला नसतो.

"सर," तो म्हणतो, "पंचमी गेली की ओ. चतुर्थी किती वाजता हाय?"