पत्रास कारण, लाल दिवा

उट्रेख्त, नेदरलँड्स

तीर्थरूप बाबूजी आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण, पवनीच्या आपल्या घरातलं इंटरनेट. "फोनवर सांगतोस ते एका कानानं येते अन् दुसऱ्यानं जाते, लेखी पाठव," असा बाबूजींचा हुकूम झाला. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला तोंडी उत्तर चालत नाही, हे मी लहानपणापासून भोगतो आहे. तेव्हा हे लेखी. झेरॉक्सच्या दुकानातून छापील प्रत काढून घ्या. शुद्धलेखनाच्या चुकांभोवती लाल गोल काढालच, पण ते नंतर. आधी राऊटरच्या डब्यावरचा लाल दिवा.

इकडे रविवारी कॉल लागतो तेव्हा आई घास तोंडाशी नेताना थिजते आणि तशीच राहते. आवाज मात्र चालू. थिजलेल्या आईमागून मामी गोसीखुर्दच्या धरणाचं पाणी, धानाचे परे आणि कुणाकुणाची सोयरीक सगळं सांगून टाकते. छकुलीची खात्री पटली आहे की आजी न बोलता मामीच्या आवाजात बोलते.

यावर तिकडे उपाय होत नाहीत असं नाही, फार होतात. काका वायर काढून तिच्या तोंडात फुंकर मारतात. भाचा त्याच वेळी स्विच बंद-चालू करतो. ओळखीतला एक पोट्टा उंबरठ्यावरूनच "डब्बाच बदला जी" असा निकाल देतो. तिघांचे उपाय एकदम झाल्यावर नेट आलं, तर कशानं आलं? बाबूजी, प्रयोगशाळेत तुम्हीच बजावायचात की एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत नोंद करा. तोच नियम इथे लावा. खांबापासून डब्यापर्यंत काच, डब्याला वीज आणि डब्यापासून मोबाइलपर्यंत हवा असा हा रस्ता आहे. खोट कुठे आहे ते ठरल्याशिवाय कुणाला डब्याला हात लावू देऊ नका.

पहिली काच. डब्यावर 'एलओएस' असं लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल, तर बाहेरून उजेड येत नाही असं समजा. काकांनी त्या बारीक तारेला टेस्टर लावून "करंटच नाही" म्हणून सांगितलं. अगदी खरं आहे, तिच्यात करंट नसतोच. आत केसाएवढी काच आहे आणि तिच्यातून लेझरचा उजेड धावतो. दहावीच्या वर्गाला तुम्ही फळ्यावर पूर्ण आंतरिक परावर्तन काढून दाखवायचात, ते आता तुमच्याच खिडकीतून घरात आलं आहे. पंजाबातल्या मोग्याचे नरिंदर सिंग कपानी यांनी लंडनमध्ये भौतिकशास्त्रज्ञ हॉपकिन्स यांच्यासोबत काचतंतूंच्या जुडीतून चित्र पाठवून दाखवलं, त्यावरचा त्यांचा निबंध १९५४ साली छापून आला. तेव्हा काकांना म्हणावं, टेस्टर खिशात ठेवा.

आता खिडकीजवळचा खिळा बघा. उरलेली पिवळी तार तुम्ही घडी घालून, सुतळीनं करकचून बांधून त्याला अडकवली आहे. टापटीप वाखाणण्यासारखी आहे, पण घडीच्या टोकाशी काच इतकी वाकते की परावर्तनाचा कोन बिघडतो आणि उजेड बाहेर सांडतो. सुतळी सोडा आणि तारेचं बशीएवढं सैल वेटोळं करून ठेवा. आई, अंगणातल्या काळ्या तारेवर गोधड्या वाळत घालू नकोस. वानरं तिच्यावर झोके घेतात तेवढा भार पुरे आहे. काच तुटलीच असेल तर ती चिकटपट्टीनं जुळत नाही, मशीननं वितळवून सांधावी लागते. ते काम कंपनीच्या माणसाचं. आणि सुटलेलं टोक डोळ्यासमोर धरून "उजेड दिसते का" पाहायचं नाही. तो उजेड अवरक्त असतो, डोळ्याला दिसत नाही पण इजा करू शकतो.

दुसरी वीज. जुना अ‍ॅडॉप्टर जळाल्यावर टीव्हीच्या डब्याचा अ‍ॅडॉप्टर लावला, कारण पिन बसली. पिन बसली म्हणजे पत्रिका जुळली असं होत नाही. दोन्हींवरचे बारीक आकडे भिंगानं वाचा. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. कूलर आणि राऊटर एकाच एक्स्टेन्शनवर नकोत. कूलरचा प्लग ढिला आहे, तो हलला की राऊटरही झोपतो आणि आपण खांबाला दोष देत बसतो. बंद-चालू करायचंच असेल तर बंद केल्यावर अर्धं मिनिट थांबा, चालू केल्यावर पाच मिनिटं हाताची घडी घाला. दिवे एकेक करून लागतात. घाई केली की ते पुन्हा पहिलीपासून सुरू करतात.

तिसरी परीक्षा मला सगळ्यांत आवडते. एलओएसचा लाल दिवा विझलेला असूनही नेट रडत असेल, तर भाच्याचा लॅपटॉप आणा, त्याचं वायफाय बंद करा आणि डब्याच्या मागच्या 'लॅन'च्या भोकात वायर लावून दुसरं टोक लॅपटॉपमध्ये घाला. 'टक्' असा आवाज आला पाहिजे. तो न येता वायर नुसती बसली असेल तर टोकावरची प्लास्टिकची जीभ तुटली आहे. वायरवर नेट झकास पळालं तर बाहेरचं सगळं ठीक, दोष हवेचा. वायरवरही रडलं तर मगच कंपनीला फोन. वरच्या खोलीत नेलेल्या वायरवर मात्र वेगळी नजर ठेवा. तिच्यात आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. हजार मेगाबिटच्या वेगाला चारही लागतात, शंभर मेगाबिटच्या वेगाला दोन पुरतात. उंदरानं निळी किंवा तपकिरी जोडी कुरतडली तरी नेट चालू राहतं, फक्त दहापट मंद. म्हणून कुणाला संशय येत नाही.

आता हवा. आई, रागावू नकोस. बैठकीतल्या फळीवर चिंचेनं घासून लख्ख केलेले गुंड, घागरी आणि परात आहेत. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेला, आणि त्या फळीकडे पाहून ते कुणालाही पटावं. पण राऊटर त्या गुंडांच्या मागे आहे, त्यावर क्रोशाचं झाकण आणि शेजारी पाण्यानं भरलेला पत्र्याचा कूलर. धातूवर आपटून लहरी परततात, उरलेल्या पाणी गिळतं आणि झाकणाखाली विदर्भाच्या उन्हात डबा उकडतो. त्याला उघड्यावर, उंचावर, घराच्या मधोमध ठेवा. मोबाइलवर दोन नावं दिसतात. '५' असलेलं वेगवान आहे, पण आपल्या जाड मातीच्या भिंतींपुढे हात टेकतं. '२.४' वालं सावकाश, पण माजघरापर्यंत पोचतं. गंमत अशी की ज्या वायफायला आपण शिव्या देतो त्याचं मूळ आमच्या शेजारच्या न्यूवेखाइन गावात आहे. तिथे त्याचं पूर्वरूप घडलं, आणि इथल्याच व्हिक हेज यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं १९९७ साली त्याचे पहिले नियम ठरवले. नियमांत पितळी गुंडांचा विचार केलेला दिसत नाही.

राहता राहिला पासवर्ड. तो दाराच्या चौकटीवर खडूनं लिहिलेला आहे. संध्याकाळी ओट्यावर गल्लीतली पोरं बसलेली असतात आणि त्यातलं प्रत्येक पोट्टं आपल्या नेटवर असतं. मी "बदला" म्हणालो तर बाबूजी म्हणाले, "पोलीस भरतीचे फॉर्म भरतात, शिष्यवृत्तीचे भरतात. काहून बदलू?" यावर माझ्याकडे उत्तर नाही, पण तोडगा आहे. राऊटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं जाळं काढता येतं. त्याचा पासवर्ड चौकटीवर राहू द्या, घरचा तुमच्या वहीत. पाहुण्यांच्या जाळ्याला वेगाची मर्यादा घालता आली तर घालू. फॉर्म भरले जातील, सिनेमा थांबेल. ती सेटिंग मी भाच्याकडून फोनवर करून घेतो.

दोन गोष्टी कधीच करायच्या नाहीत. मागच्या बारीक भोकात सेफ्टी पिन घालायची नाही. तिथे 'रीसेट' आहे, दाबून धरलं की कंपनीनं भरलेलं नाव-पासवर्ड सगळं पुसतं. आणि रोवणीच्या दिवसांत आभाळ कडाडू लागलं की आधीच प्लग आणि वर गेलेली वायर काढून ठेवायची. काचेतून वीज येत नाही, तांब्यातून येते.

उत्तर लेखी पाठवा, दिव्यांच्या रंगांसह. बाकी सर्व क्षेम.

तुमचा,
बापू

ता. क. आई, मी, तुमची सून, लिहिते आहे. यांच्या पत्राची चार पानं वाचत बसू नका. गुंड जागचे हलवू नका, राऊटर हलवा. त्यातला मोठा गुंड मला हवा आहे, दिवाळीला येऊ तेव्हा चिन्नोर तांदूळ भरूनच द्या. मामाजींना सांगा, कंपनीचा पोरगा आला की चहा द्या, पण मीटर लावून उजेड मोजून झाल्यावर. आधी चहा मिळाला की तो "डब्बाच बदला जी" म्हणून निघून जातो.