रात्री अडीचचे पूर्वमंजूर कर्ज

सहा महिन्यांसाठी मुलाकडे न्यू जर्सीस निघालेल्या सेवानिवृत्त सद्गृहस्थांचा बंदोबस्त मोठा चोख असतो. थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला, रक्तदाबाच्या गोळ्या आणि परतीचे तिकीट यांपैकी काहीही विसरले जात नाही. केवळ खिशातील फोनविषयी त्यांची एक अढळ श्रद्धा असते, ती ही की, आपण होऊन कोणास फोन केला नाही म्हणजे खर्च व्हावयाचा नाही. स्वदेशात ही श्रद्धा निर्विवाद खरी आहे. 1995 साली मोबाइल या देशात अवतरला तेव्हा आलेला फोन उचलणाऱ्यासही पैसे पडत. तो जाच 2003 साली संपला. परदेशी भूमीवर मात्र तो सुखेनैव नांदतो आहे आणि त्याचे समर्थनही मोठ्या तर्कशुद्धतेने केले जाते: फोन करणारा इसम आपल्या समजुतीने पुण्यातल्या पुण्यातच बोलत असतो, सबब समुद्रापलीकडील मजलीचा आकार त्याजकडून घेणे अन्यायाचे होईल, तो उचलणाऱ्याने सोसावा.

आता भारतात दुपारचे बारा वाजतात तेव्हा उन्हाळ्यातील न्यू जर्सीत रात्रीचे अडीच वाजलेले असतात, आणि नेमक्या याच मुहूर्तावर फोन खणखणतो. अपरात्रीचा फोन तसाच वाजू देणे आपल्याकडील वडीलधाऱ्यांच्या प्रकृतीस मानवत नाही; गावी एकटी असलेली थोरली बहीण, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले व्याही आणि किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवलेला फ्लॅट ही सर्व मंडळी एकदम डोळ्यांपुढे उभी राहतात. चाचपडत चष्मा शोधून त्यांनी कातर स्वरात ‘हॅलो’ म्हणावे, तो पलीकडून मधुर वाणी उमटते, ‘सर, आपल्याला पाच लाखांचं पूर्वमंजूर कर्ज मिळतंय.’ आकारणी सुरू झालेली असते. सद्गृहस्थ सभ्य असल्यामुळे फोन आपटत नाहीत. शिवाय आयुष्य हिशेबात गेल्यामुळे व्याजाचा दर विचारतात, मुदत विचारतात, मुदतीपूर्वी फेडल्यास दंड पडतो काय याचीही पृच्छा करतात, आणि स्वतःच्या खर्चाने, मिनिटागणिक मोल मोजून, न मागितलेल्या कर्जाचे साद्यंत निरूपण ऐकतात. असे चार-दोन फोन झाले म्हणजे त्या कर्जाची खरोखरीच गरज भासू लागेल, हा योग मला निव्वळ योगायोग वाटत नाही. माझी तर सूचना आहे की, या कामी एक स्वतंत्र ‘रात्रप्रहर कर्जवाटप खाते’ उघडावे, कर्जाच्या अर्जात ‘प्रयोजन’ या रकान्यात ‘सदरहू कॉल ऐकणे’ असे आधीच छापून ठेवावे आणि पहिला हप्ता फोन उचलताक्षणीच कापून घ्यावा. निदान कागदोपत्री तरी व्यवहार स्वच्छ राहील.

मग फोन बंदच का ठेवीत नाहीत, असे चतुर पुतणे विचारतात. ठेवतील कसे? स्वतःच्याच पेन्शनचे पैसे स्वतःच्याच खात्यातून हलवावयाचे, तर बँक त्यांस ओळखत नाही. ती ओळखते त्यांच्या सिमकार्डास, आणि ओटीपी तेथेच धाडते. पस्तीस वर्षांची सही, पासबुक, मॅनेजरशी घरोबा, सारे कवडीमोल! तो एसएमएस घेण्यास बहुधा पैसे पडत नाहीत, परंतु त्या सहा आकड्यांसाठी दार किलकिले ठेवावे लागते आणि त्याच फटीतून अवघी सावकारी आत शिरते. खातेदाराचा मुक्काम अमेरिकेत आहे, हे कार्ड अडवून ठेवताना बँकेस तत्काळ कळते. मध्यरात्री कर्ज विकताना तेवढे कळत नाही. हे अज्ञान नव्हे, ही उघड बेपर्वाई आहे.

उपाय नाहीत असे नाही. डेटा रोमिंग बंद ठेवावे, संभाषणासाठी मुलाच्या घरचे वाय-फाय वापरावे, आणि निघण्यापूर्वीच ##002# दाबून कॉल वळविण्याच्या सर्व सोयी रद्द कराव्यात. नाही तर न उचललेला कॉलही समुद्र ओलांडून येतो, व्हॉइसमेल गाठण्यासाठी पुन्हा समुद्र ओलांडतो आणि जाण्यायेण्याचे दुहेरी बिल ठेवून जातो. परदेशात असताना येणारे कॉल रोखण्याची तरतूदही मोबाइलच्या मूळ नियमांत आहे. तिला एक गुप्तांक लागतो, आणि तो ठाऊक असलेला मनुष्य अद्याप माझ्या पाहण्यात आलेला नाही.

युरोपातील बहुसंख्य राष्ट्रांनी आपसांतील रोमिंगचा अधिभार 15 जून 2017 रोजी उठविला, आणि लगोलग 1 जुलैस मुंबईचा जकातनाकाही इतिहासजमा झाला. त्या नाक्यावर निदान माल आणणाऱ्याकडून पैसे घेत; दारात बसलेल्या गिऱ्हाइकाकडून नव्हे. येथेही तेवढाच न्याय लावावा. विक्रीसाठी केलेल्या कॉलचा सारा आकार विकणाऱ्याच्या नावे पडू लागला, तर न्यू जर्सीत किती वाजले आहेत हे या सावकारांस कोणी शिकवावे लागणार नाही.