कागदोपत्री पाऊस

शाहू महाराजांनी आपले जनकपिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावे वसविलेल्या या आखीव-रेखीव जयसिंगपुरात रेषेचा मान आजही किती राखला जातो, याचा प्रत्यय घ्यावयाचा असेल तर एखाद्या नूतन इमारतीची पर्जन्यजलाची नळी अवलोकावी. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीने ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडास पर्जन्यजलसंचय अनिवार्य केला. नकाशावर ती नळी निळ्या शाईने गच्चीपासून शोषखड्ड्यापर्यंत अखंड उतरते, प्रत्यक्षात मात्र जमिनीच्या वीतभर वर थबकते, आणि खाली, जेथे खड्डा असावा, तेथे नवीकोरी फरशी चकाकत असते. अज्ञ जन यास त्रुटी म्हणतात. ज्या शिरोळ तालुक्यात २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णा-पंचगंगेने स्वहस्ते घरोघर जलसंचय करून दिला, तेथे भूगर्भास अधिक तसदी न देण्याचा हा केवढा विवेक! शिवाय तपासणी नळीची होते, पाण्याची नव्हे. भोगवटा प्रमाणपत्र हाती पडावयास तेवढे पुरते. हाच न्याय पुढे नेऊन पाणीपट्टीही नोटांच्या प्रमाणबद्ध नकाशाने स्वीकारावी, अशी आमची नम्र सूचना आहे. फक्त त्या नकाशावर परवानाधारक अभियंत्याची सही सक्तीची असावी, एरवी गैरप्रकार व्हावयाचे.