२९० किलोमीटर, सरळ रेषेत

पुण्याच्या लोहगावपासून सिंधुदुर्गातल्या चिपीपर्यंत सरळ रेषेत सुमारे २९० किलोमीटर. एटीआर विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडतं. भागाकार केला की पस्तीस मिनिटं. मला भागाकार फार आवडतो. घरच्यांना माझा भागाकार आवडत नाही. वेळापत्रकात मात्र तासाहून थोडा जास्तच वेळ, कारण तिथं विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचं सगळं मोजतात. त्यात लोहगाव हवाई दलाचं. सुखोई निघालं की आपण मुकाट्यानं उभं राहायचं. राहावं; त्याला कामं असतात.

परुळ्याच्या मावशीला मी 'जेवायलाच येतो' म्हणून कळवून टाकलं होतं.

एटीआरमध्ये मागच्या दारानं चढतात. माझी जागा पुढे. हवाईसुंदरीनं मला एकवार नखशिखान्त न्याहाळलं आणि 'विमानाचा तोल सांभाळायला' माझी रवानगी पार शेवटच्या रांगेत केली. पंख छपराच्या उंचीला असल्यानं खाली सगळं स्पष्ट दिसतं. सह्याद्री दिसला, छान होता. मग ढग.

चिपीचा विमानतळ जांभ्याच्या सड्यावर आहे. ९ ऑक्टोबर २०२१ला उद्घाटन झालं, धावपट्टी अडीच किलोमीटरची, समुद्र हाकेच्या अंतरावर. जुलैत समुद्रावरचा ढग त्या सड्यावर बैठक मारतो तो उठायचं नाव घेत नाही. वैमानिकानं ठरावीक उंचीपर्यंतच खाली यायचं; तेवढ्यात धावपट्टी दिसली नाही तर नाक वर करून निघायचं. आम्ही खाली आलो. खिडकीत निव्वळ पांढरं. एकदम इंजिनं गरजली, विमान वर गेलं, माझं पोट तिथंच राहिलं. पलीकडच्या काकांनी गाऱ्हाणं घालायला घेतलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांका सुखरूप खाली उतरय!" मागच्या चार रांगा एकसुरात, "व्हय म्हाराजा!" दुसऱ्या खेपेला हवाईसुंदरीचेही ओठ हलताना मी पाहिले. म्हाराजांनाही धावपट्टी दिसली नसावी.

शेवटी उतरवलं गोव्यात, मोप्याला. चिपीपासून हवेतून पन्नास किलोमीटरही नाही. काउंटरवरचा तरुण हसून म्हणाला, "सर, तुम्ही जवळच आहात." जवळ! उपाशी माणसाला भूगोल शिकवणाऱ्यांना दंड हवा. बस 'निघालीय' असं तो तासागणिक सांगत होता. ती आली तेव्हा फक्त डिझेल भरून आलेली नव्हती. मग बांदा, पंपावरची रांग, सावंतवाडी, कुडाळ, आणि प्रत्येक वळणावर कुणीतरी उतरणारं.

परुळ्याला पोचलो तेव्हा कातरवेळ झालेली. मावशी खळ्यातच बसून. रिक्षा करून दुपारी सड्यावर गेली होती म्हणे, भर पावसात छत्री घेऊन कुंपणाशी उभी. "आवाज आयकलंय रे. दोन्दा डोक्यार इला आणि गेला. माका वाटला, आता काय तू खाली येणस नाय." तीही जेवली नव्हती. मला बोलायला काही सुचेना, म्हणून मी बांगड्याच्या तिखल्याचं कौतुक केलं.

तिसऱ्या वाढपाला हिशेब सांगितला: २९० भागिले लागलेले तास, वेग सायकलीचा निघतो. भागाकाराकडे तिचं लक्षच नव्हतं. ती माझ्या ताटाकडे बघत होती.

"पण माका एक सांग," ती म्हणाली, "तुझ्यासारखो माणूस आत बसलेलो, तरी विमान खाली कसा काय इला नाय रे?"