नळ आले का? (फक्त मेंबरांसाठी)

सोलापूरच्या भवानी पेठेत नळाला पाणी कधी सुटणार, ही बातमी आता महिना 59 रुपये भरणाऱ्यालाच कळेल. 199 भरले तर प्रेशर कसं असेल तेही कळेल. आणि 499 वाल्या डायमंड मेंबराला पहाटे साक्षात भाऊंच्या आवाजात व्हॉइस मेसेज येईल : "उठा अण्णा, सुटलं."

भाऊंना कोण ओळखत नाही? आधी त्यांनी कडक भाकरी खाऊन दाखवली, मग शेंगाची चटणी खाऊन दाखवली, मग गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यात बसून किंचाळून दाखवलं. लाइक ढिगाने पडले, पैसा पडला नाही. मग कुणीतरी गुरुमंत्र दिला : नुसते बघे जमवू नका, कम्युनिटी उभी करा, माणूस दर महिन्याला पैसे मोजेल असं काहीतरी द्या. भाऊ विचारात पडले. चटणी घरोघरी आहे. चादर घरोघरी आहे. घरोघरी नाही ते एकच.

भांडवल म्हणाल तर एक खिडकी. चावीवाला ज्या व्हॉल्व्हवर वाकतो, नेमकी त्यावर उघडणारी.

आजवर हा धंदा फुकटात चालायचा. पाणी चार-पाच दिवसांनी येणार, तेही कधी पहाटे तीनला, कधी भर दुपारी. पण पहिल्या घरातली अक्का "नळ आलंय गंऽऽ" म्हणून ओरडली की काम झालं. तिची हाक मराठीतून निघायची, पुढच्या बोळात तेलुगू व्हायची, त्यापुढे कन्नड, आणि यंत्रमागाच्या खडखडाटातून वाट काढत घोंगडे वस्तीपर्यंत जायची. नेट लागत नव्हतं, पासवर्ड लागत नव्हता. आता तीच अक्का पायरसीच्या आरोपाखाली आहे. भाऊंनी तिला समजावलं, "अक्का, तुमी असं ओरडल्यावर मेंबरांनी पैसे कशाला भरायचे ओ?" अक्का म्हणाली, "मग काय मुक्यानं पाणी भरू का बे?" हो! नियमावलीत तेच लिहिलंय. मेंबराने घागर आपटू नये. बॅरल फरशीवरून ओढू नये, उचलून न्यावा. तोटी अर्धीच उघडावी, कारण पाण्याचा आवाज हा सुद्धा कंटेंट आहे आणि भिंतीपलीकडे बिगरमेंबर झोपलाय. मोटार पहिली दहा मिनिटं लावू नये. तिच्या घरघरीने आख्ख्या मड्डी वस्तीला बातमी फुटते. मागच्या खेपेला एका गोल्ड मेंबराने मोटार लावलीच. बोळभर दिवे लागले, 59 वाले भडकले, डायमंडवाल्यांनी 'आमच्यात आणि बिगरमेंबरांत फरक काय राहिला' असा सवाल टाकला, आणि वरच्या मजल्यावरचं प्रेशर गेलं म्हणून तिघांनी रिफंड मागितला. भाऊंनी लाइव्ह येऊन सांगितलं, प्रेशर हा फक्त अंदाज असतो. वर 'दोन बॅरलमध्ये पाच दिवस' या विषयावरचं शिबिर मेंबरांना निम्म्या किमतीत जाहीर केलं. तेही भरलं.

पैशांची वसुली मात्र बिनचूक. यूपीआय ऑटोपे. एकदा होकार दिला की महिन्याच्या महिन्याला रक्कम आपोआप कापली जाते, छोट्या रकमेला पिनसुद्धा विचारत नाही. पण कापण्याच्या 24 तास आधी तुम्हाला कळवावं लागतं, तसा नियमच आहे. म्हणजे खात्यातून 59 रुपये जाणार असतील तर आदल्या दिवशी वर्दी मिळते. नळाला पाणी येणार असेल तर? त्यासाठी 59 रुपये भरा.

इथवर हसून झालं असेल तर आता ऐका. आपल्या शहराला पाणी देणारं उजनी धरण 1980 साली पुरं झालं. पाणी मावतं 117 टीएमसी. पाऊस बरा झाला की 'उजनी शंभरी पार' म्हणून आपण स्टेटस ठेवतो, दरवाज्यांतून सुटणाऱ्या पाण्याचे व्हिडिओ आजीला दाखवतो. उन्हाळ्यात 'उजनी मायनसमध्ये' म्हणून सुस्कारे टाकतो. धरण मायनसमध्ये असताना नळ कोरडा राहिला तर एक वेळ कळतं. पण शंभरी पार असतानाही तोच बॅरल, तीच घागर, तीच पहाटे तीनची जाग? मग पाण्याचा साठा कशासाठी मोजतो आपण, स्टेटस ठेवायला? ज्यांची पाठ घागरी वाहून गेली त्या बाया विडीच्या मजुरीतून टँकरचे पैसे देतात, त्यातूनच आता भाऊंचे द्यायचे. आणि त्यांच्यासकट आपण सगळ्यांनी 'रोज का नाही?' हे विचारायचं कधीच सोडून दिलंय. आपण फक्त 'कधी?' विचारतो. भाऊ बिचारा हुशार. त्याने आपला हा सोशिकपणाच हप्त्याने विकायला काढला.

परवा पेठेत हूल उठली की लवकरच रोज पाणी सुटणार. भाऊंचा चेहरा पडला. तातडीने मेंबरांची लाइव्ह बैठक झाली. सिल्व्हरवाले म्हणाले, वर्षाचे आगाऊ भरलेत, त्यांचं काय? गोल्डवाल्यांनी नुकत्याच नव्या टाक्या बसवल्यात. डायमंडवाल्यांना तर शेजाऱ्याच्या आधी पाणी भरण्यातला मान घालवायचा नाही. शेवटी ठराव एकमताने मंजूर झाला : पाणी पाच दिवसांनीच सोडावं, फक्त आम्हाला आधी सांगावं.