दाढ सोयाबीनसाठी थांबत नाही

कारंज्याजवळच्या धनजकडे दाढ ठणकायला लागली की पहिला उपाय लवंग, दुसरा मेडिकलवरची गोळी आणि तिसरा, "सोयाबीन निघू दे, मंग पाहू." दातांच्या डॉक्टरचा नंबर लागतो तो गाल सुजून डोळा झाकायला आल्यावर.

याला लोक आळस म्हणतात. ही भीती आहे. रात्री वीज येते म्हणून अंधारात, सापाविंचवाच्या रानात पाणी द्यायला जाणारा माणूस त्या आडव्या खुर्चीला घाबरतो. ते सांगायची लाज वाटते, म्हणून सोयाबीनचं नाव पुढे करतो. लाजायचं काय त्यात? तोंड उघडं, डोळ्यांवर दिवा, बोलता येत नाही, आत काय चाललंय ते दिसत नाही. कोणीही घाबरेल.

पण ही भीती माणसाला नेमकी वेदनेकडेच नेते. दाताच्या वरच्या कवचाला संवेदना नसते. कीड तिथवरच असेल तर दुखत नाही, आणि तेव्हा दात भरायला बहुतेकदा सुईही लागत नाही. आपण मात्र दुखेपर्यंत थांबतो. मग कीड नसेपर्यंत पोचते, सूज येते, पू होतो. सुजलेल्या जागी आम्लता वाढते आणि तिथे बधिर करणारं औषध कमी चालतं. स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झालेलं लिग्नोकेन आजही जगभर दात बधिर करायला वापरतात. एरवी चोख काम करणारं हे औषध पिकलेल्या दाढेशी अडखळतं. म्हणजे जो घाबरून उशिरा गेला, त्यालाच जास्त दुखतं. तो गावात येऊन सांगतो, "सुई देऊनही जीव गेला." ते ऐकून आणखी चार जण थांबतात.

त्यात भर अफवांची. वरची दाढ काढली की नजर जाते, ही त्यांतली सर्वांत चिवट. दाताची नस वेगळी, दृष्टीची वेगळी. ज्या वयात दाढा पडतात त्याच वयात मोतीबिंदू येतो, एवढाच काय तो संबंध. बाजारात भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतले किडे काढून दाखवणारे असतात. दाढेत किडा नसतो. तोंडातले जंतू गोडाचं आम्ल करतात आणि त्या आम्लाने दात पोखरला जातो. धुरीने तो भरत नाही. उलट मधले आठ दिवस जातात, आणि तेवढ्यात पू जबड्याखाली उतरला तर श्वास अडू शकतो. गिळता येईना, तोंड उघडेना, ताप चढला, तर ती रात्र घरी काढायची नाही.

डॉक्टरांनाही दोन शब्द. "काही होत नाही" म्हणून हात चालवू नका. बधिर केल्यावर दुखणं जातं, दाब जाणवतोच. हे आधी सांगितलं नाही, तर पेशंट दाबालाच वेदना समजतो आणि पुन्हा फिरकत नाही. आणि पेशंटने बसतानाच सांगावं, "मला भीती वाटते. हात वर केला की थांबा." चांगला डॉक्टर थांबतो. पहिल्या दिवशी नुसतं दाखवून यायचं, उपटायचं काही नाही, असं ठरवूनही जाता येतं. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर त्या सांगायच्या. उपाशी जायचं नाही. रिकाम्या पोटी घाबरलेल्या माणसाला चक्कर येते आणि बदनाम होते सुई.

सुपारी-तंबाखूचा खर्रा खाणाऱ्यांची भीती वेगळी आहे, आणि ती खरी आहे. डॉक्टर तोंडात बघेल आणि काहीतरी सांगेल, ही ती भीती. तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तिखट झोंबत असेल, पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम असेल, तर डॉक्टरला तेच आधी दिसायला हवं. तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. न दाखवल्याने चट्टा जात नाही.

आणि पोरांना "गप बस, नाहीतर डॉक्टर सुई देईल" म्हणणं आजपासून बंद करा. ही भीती आपणच पेरतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, अंगणवाडीत येतं. त्याच्या तपासणीत दातही आहेत. पथकाने पुढे दाखवा म्हटलं, की दुधाचे दात पडणारच म्हणून सोडून देऊ नका. दुधाची दाढ दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असते.

राहिला प्रश्न जायचं कुठे. प्राथमिक आरोग्य केंद्रात दातांची खुर्ची सहसा नसते. धनजच्या माणसाला कारंजा गाठावं लागतं, पुढचे उपचार लागले तर वाशीम, अकोला किंवा अमरावती. एका दाढेपायी दिवसाची मजुरी बुडते, वर जाण्यायेण्याचा खर्च. भीतीला याहून चांगली सबब काय मिळणार? पण ही केंद्रं आता आयुष्मान आरोग्य मंदिरं म्हणवतात, आणि त्यांच्या सेवांच्या यादीत मौखिक आरोग्य लिहिलेलं आहे. मग महिन्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, दातांचा डॉक्टर धनजला बसू दे. ग्रामसभेत हा ठराव मांडा, आणि तो मांडताना ज्याची दाढ दुखतेय त्यालाच बोलू द्या.