काल चालत होतं

धाकट्या भावजींना संध्याकाळी कुणी विचारलं, काय चाललंय, तर ते "गेम खेळतोय" म्हणतात. आत डोकावून बघावं तर पडद्यावर गेम नसतो. एक काळी खिडकी असते, तिच्यात पांढरी अक्षरं भराभरा वर पळत असतात आणि भावजी चष्मा कपाळावर चढवून ती वाचत असतात. मध्येच "अस्सं!" म्हणतात. मध्येच "अरे, पण का?" म्हणतात. तासाभराने चहा घेऊन जावं तर तीच खिडकी, तीच अक्षरं. चालू झाला का गेम, असं विचारणं मी लग्नानंतर लवकरच सोडून दिलं, कारण उत्तर ठरलेलं आहे. "वहिनी, काल चालत होतं."

भावजी लिनक्सवर गेम खेळतात. बाजारातले मोठे गेम बनतात ते विंडोजसाठी. भावजींच्या संगणकात विंडोज नाही आणि ही गोष्ट पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी सांगितली जाते. लॅपटॉपच्या पाठीवर पेंग्विनचा स्टिकर आहे, त्याला सासूबाई अजून बदक म्हणतात. विंडोजचा गेम लिनक्सवर चालवायची पहिली खटपट म्हणजे वाइन नावाचा प्रोग्राम, तो 1993 पासूनचा. "रात्री वाइन बदलली, तेव्हा कुठे जरा बरं वाटलं," असं भावजी फोनवर कुणाला तरी सांगत होते, ते सासूबाईंच्या कानावर पडलं आणि त्यांनी काही दिवस धाकट्या लेकाशी बोलणं टाकलं. पुढे स्टीम हे गेमचं दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने त्याच वाइनवर काम करून ऑगस्ट 2018 मध्ये प्रोटॉन आणलं. त्यातला एक महत्त्वाचा भाग मूळ एका जर्मन तरुणाचा. त्याला 'निअर: ऑटोमाटा' हा गेम लिनक्सवर खेळायचा होता, तो चालेना, म्हणून त्याने बसून डीएक्सव्हीके नावाची सोयच लिहून काढली. ही कथा भावजींनी मला इतक्यांदा सांगितली आहे की मी ती भाजी निवडता निवडता पुरी करू शकते.

गेम विकत घेण्याआधी भावजी प्रोटॉनडीबी उघडतात. कुठला गेम आपल्याकडे कसा चालला ते जगभरच्या लिनक्सवाल्यांनी तिथे लिहून ठेवलेलं असतं आणि त्यावरून गेमला प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ असा दर्जा मिळतो. तळाला 'बोर्क्ड', म्हणजे नाद सोडा. भावजी हे सगळं पत्रिका जुळवल्यासारखं बघतात: ग्राफिक्स कार्ड कुठलं, ड्रायव्हर कितवा, कर्नल कोणता, आणि मंगळ असलाच तर त्यावर काही शांत आहे का. एका गोल्डवाल्या गेमखाली कुणीतरी लिहिलं होतं, सगळं उत्तम, फक्त आवाज येत नाही आणि अर्ध्या तासाने बंद पडतो. "बघा, गोल्ड आहे," म्हणत भावजींनी पैसे भरले.

पैशाचं सांगायलाच हवं. लिनक्स फुकट, म्हणजे लिनक्सवाले फुकटे, असं कंपन्यांना वाटतं, हे भावजींचं जुनं दुखणं. 2010 साली काही छोटे गेम 'हंबल इंडी बंडल' या नावाने एकत्र विकायला आले, किंमत गिऱ्हाइकाने ठरवायची होती. सरासरी सगळ्यात जास्त पैसे मोजले ते लिनक्सवाल्यांनी. कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपयांसाठी मंडईत पाच मिनिटं उभा राहणारा हा माणूस, लिनक्ससाठी खास बनवलेला गेम दिसला की तो आवडो न आवडो, विकत घेतो. "त्यांच्या हिशेबात आपण दिसलो पाहिजे, वहिनी." स्टीमच्या दरमहाच्या पाहणीत लिनक्सवाले वर्षानुवर्षं टक्का-दोन टक्क्यांत होते. ऑक्टोबर 2025 च्या आकड्याने 3 टक्के ओलांडले, त्या संध्याकाळी भावजी पेढे घेऊन आले.

"कसले रे?" सासूबाई.

"आई, 3 टक्के झालो!"

"एवढंच? पतपेढीत सुद्धा जास्त देतात."

भावजींचं खरं कसब मात्र तक्रारीत आहे. गेम बंद पडला की विंडोजवाला दोन शिव्या देतो आणि परत चालू करतो. भावजी वही उघडतात. 'डेल्टा-व्ही: रिंग्ज ऑफ सॅटर्न' नावाच्या एका लहानशा गेमच्या कर्त्याने 2021 साली आपला हिशेब जाहीर केला होता. साधारण 12 हजार प्रती खपल्या, त्यातल्या 700 च्या आसपास लिनक्सवाल्यांनी घेतलेल्या. बिघाडाच्या तक्रारी हजाराच्या वर, आणि त्यातल्या 400 एकट्या लिनक्सवाल्यांच्या! कुणीही म्हणेल, नको ही ब्याद. पण त्या 400 पैकी निव्वळ लिनक्समुळे आलेल्या बिघाडांच्या किती? तीन. बाकीचे बिघाड सगळ्यांनाच छळत होते, नीट लिहून फक्त यांनी कळवले. तो कर्ता त्यावर खूश होता. तो हिशेब भावजींनी छापून कपाटाला आतून चिकटवला आहे.

ही सवय मग गेमपुरती राहत नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या खड्ड्याबद्दल भावजींनी नगरपालिकेला जो अर्ज दिला, त्याची प्रत माझ्याकडे आहे. "बिघाड पुन्हा घडवून आणण्याच्या पायऱ्या: 1. दुचाकीवर बसावे. 2. दवाखान्याकडून ताशी 20 किमी वेगाने डावीकडे वळावे. अपेक्षित परिणाम: पुढे जाणे. प्रत्यक्ष परिणाम: आडवे होणे. वारंवारता: नेहमी. टीप: पावसात बिघाड दिसत नाही, पण असतो." सोबत फोटो, दुचाकीचं मॉडेल आणि टायरमधल्या हवेचा दाब. खड्डा अजून आहे. गेम कंपन्यांकडून निदान उत्तर तरी येतं: आपल्या अडचणीबद्दल दिलगीर आहोत, कृपया विंडोजवर चालवून पाहा. असं उत्तर आलं त्या रात्री भावजी जेवताना वाढा म्हणत नाहीत, नको म्हणत नाहीत, नुसते ताटाकडे बघतात.

मोठ्या जखमा वेगळ्या. 1998 साली निघालेली लोकी ही कंपनी इतरांचे गेम लिनक्सवर आणायची, ती 2002 मध्ये बंद पडली. तिचं नाव निघालं की भावजी आवाज खाली आणतात. मोटारींनी फुटबॉल खेळायचा 'रॉकेट लीग' लिनक्सवर रीतसर मिळत होता. तो बनवणाऱ्या कंपनीला एपिक या गेम कंपनीने विकत घेतलं आणि मार्च 2020 मध्ये लिनक्सचा आधार काढून घेतला. मॅक आणि लिनक्स मिळून खेळणारे 0.3 टक्क्यांहून कमी, असं कारण दिलं. सगळा देश टाळेबंदीच्या काळजीत होता आणि आमच्या घरात एक माणूस 0.3 या आकड्याकडे बघत बसला होता. गंमत म्हणजे पुढे त्याच गेमची विंडोजची आवृत्ती प्रोटॉनवर चालली. भावजी म्हणाले, "प्रश्न चालण्याचा नाहीच. मी गिऱ्हाईक आहे की घुसखोर?" एपिकचे प्रमुख टिम स्वीनी 2018 साली अशा अर्थाचं बोलले होते की लिनक्सवर जाणं म्हणजे अमेरिकेचं राजकारण पटत नाही म्हणून कॅनडात राहायला जाणं. "मग वाईट काय आहे कॅनडात?" भावजी आजही भांडतात. "आपल्या नात्यातली निम्मी पोरं तिकडेच आहेत!"

आणि 2024 च्या ऐन दिवाळीत 'एपेक्स लेजंड्स' या ऑनलाइन गेमने लिनक्सवाल्यांना दारच बंद केलं. लबाडी करणारे लिनक्सच्या आडून येतात आणि सापडत नाहीत, असं कंपनीचं म्हणणं. ऑनलाइन गेममध्ये लबाडी पकडणारा एक पहारेकरी प्रोग्राम असतो. तो विंडोजच्या गाभ्यात शिरून बसतो, लिनक्सवर त्याला तसं शिरता येत नाही. तो लिनक्सवर चालू द्यायचा की नाही, हे बऱ्याचदा गेमवाल्यांच्या मर्जीवर असतं. त्या दिवशी भावजींनी फराळाच्या ताटातल्या चकलीला हात लावला नाही. "म्हणजे मी चोर?" भिंतीकडे बघून म्हणाले. "वहिनी, तुम्ही मला खेळताना बघितलंय. लबाडी करत असतो तर एवढा हरलो असतो का?" यावर आमच्या घरात कुणाकडेच उत्तर नव्हतं. भावजी अतिशय वाईट खेळतात.

त्यांच्या पडद्यावर बरेच दिवस एक फोटो होता: लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स 2012 साली फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठातल्या कार्यक्रमात कॅमेऱ्याकडे बघून मधलं बोट दाखवताहेत, आणि ते एनव्हीडिया या ग्राफिक्स कार्डवाल्या कंपनीला. सत्यनारायणाच्या आदल्या दिवशी मी तो बदलायला लावला. "कोण गं तो, एवढा चिडलेला?" सासूबाईंनी विचारलं होतं. "यांचे गुरू," मी म्हटलं. "मग बरोबर," त्या म्हणाल्या.

आता जी गोष्ट सांगते ती घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. भावजींच्या संगणकात विंडोज आहे. डिस्कच्या एका कोपऱ्यात, 'जुने फोटो' या नावाखाली. सरकारी डिजिटल सहीसाठी लागतं, असं त्यांनी एकदा, न विचारता, खुलाशादाखल सांगितलं. पण डिजिटल सही शनिवारी रात्री साडेअकराला दार लावून, हेडफोन घालून करतात का? आतून "मार, मार, मागे आहे तुझ्या" असं ऐकू येतं. रविवारी सकाळी भावजी जरा जास्तच गोड वागतात, गिरणीत दळण टाकून येतात.

अमेरिकेतून आलेल्या भाच्याच्या बॅगेतून शेवटी स्टीम डेक आला. व्हॉल्व्हने तो भारतात रीतसर विकायला आणलेला नाही, म्हणून हा उपद्व्याप. हातात धरायचं यंत्र, आत लिनक्स, गेम लावला की चालतो. पहिला आठवडाभर भावजी तो जेवणाच्या टेबलावर सुद्धा घेऊन यायचे. मग तो कपाटात गेला. "का हो?" मी विचारलं. "त्यात काय, लावलं की चालतं," ते म्हणाले आणि काळ्या खिडकीकडे वळले. तिथे काहीतरी चालत नव्हतं.

घरात लिनक्सवर विनातक्रार गेम खेळणारं माणूस एकच, सासूबाई. त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर भावजींनी लिनक्स मिंट टाकून दिलं, त्याला बरीच वर्षं झाली. त्या कीर्तनं ऐकतात, दुपारी पत्त्यांचा डाव लावतात आणि त्यांचा संगणक कधी बिघडत नाही. आपण लिनक्स वापरतो हे त्यांना ठाऊकच नाही. "हा नेटिव्ह गेम आहे," त्यांच्या पडद्यावरच्या पत्त्यांकडे बोट दाखवून भावजी अभिमानाने सांगतात. सासूबाईंना वाटतं, पत्ते गावाकडचे आहेत.

ऑक्टोबर 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा आधार थांबवला आणि आमच्या सोसायटीतले जुने, विंडोज 11 ला न चालणारे लॅपटॉप एकेक करून भावजींकडे येऊ लागले. इतकी वर्षं ज्यांना जिन्यात गाठून सांगावं लागायचं, ते आपणहून बेल वाजवत होते. भावजी रात्री जागून मिंट टाकून देत होते, पैसे घेत नव्हते, फक्त प्रत्येकाच्या लॅपटॉपवर बदकाचा एक स्टिकर लावत होते. परवा वरच्या मजल्यावरचा नववीतला मुलगा त्याचा लॅपटॉप न्यायला आला. पडदा उघडला, सगळं कसं पटकन चालू होतंय बघून खूश झाला. मग सहज विचारल्यासारखं म्हणाला, "काका, यावर व्हॅलोरंट चालेल ना?"

भावजींनी चष्मा काढला. पुसला. समोरची खुर्ची ओढून दिली.

"बस," म्हणाले. "1991 साली हेलसिंकीत एक विद्यार्थी होता..."

मी आत जाऊन त्याच्या आईला फोन केला, की तो आज आमच्याकडेच जेवेल.